पालकाच्या रकान्यातली सही

साबिरानं जन्मात कधी मोहफूल वेचलं नव्हतं. चंद्रपुरात वाढलेली, बापाचं शिलाईचं दुकान. जंगलाशी तिचा संबंध काय तो जीपच्या खिडकीतून. गडचिरोलीच्या बाल संरक्षण कक्षात ती बालगृहातल्या मुलांचं शिक्षण बघायची. कोणाचा दाखला अडलाय, कोणाला शिकवणी हवी, कोण शाळेचं नाव काढलं की पोट धरून बसतं. मुलं चोवीस आणि बाई एकटी, तेव्हा जीव मेटाकुटीला यायचाच. त्यात ही बुधरी.

आठवीतली पोरगी. मायबाप वारले म्हणून तीन वर्षांपूर्वी बालगृहात आली. गणितात वर्गात पहिली, पण दोन वर्षं ऐन परीक्षेच्या तोंडावर पळून गेली. परत आणली की मिठाची गुळणी धरून बसायची. गेल्या साली वैतागून साबिरानंच फायलीत लिहिलं, 'पळून जाण्याची सवय'. झालं. तेवढ्यावरून वर ठरलं की यंदा पेपर बुडाला तर पोरीला नागपूरच्या बालगृहात हलवायचं. म्हणजे ही शाळा गेली, मैत्रिणी गेल्या, पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि काल दुपारी बुधरी परत गायब. आज अकराला गणिताचा पेपर होता.

साबिरा बुधरीच्या गावी पोचली तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. जीप चालवणाऱ्या मुखरूनं गावाबाहेरच बोट दाखवलं. मोहाच्या झाडाखाली बुधरी पाला झाडत होती. अंगात शाळेचा गणवेश, दप्तर फांदीला टांगलेलं. दप्तर बघून साबिराचा निम्मा राग तिथंच उतरला. उरलेला तिनं काढला.

"काऊन असं करतं बुधरी? नागपूरले जायचं हाय तुले?"

"नाई."

"मग?"

"मायचं झाड हाय. आज बसली नाई तं जाईल."

एवढ्यात डोमा आला. गावचा भूमिया तो, रीतभात त्याच्या तोंडून ठरायची. त्यानं शांतपणे समजावलं. मोहाची फुलं पडायला लागली की भूमिया एक दिवस ठरवतो. त्या दिवशी सारं गाव झाडाझाडाखाली फिरतं. ज्याच्या घरचं माणूस खालची जागा झाडून बसलेलं दिसलं, झाड आणि त्याची फुलं त्या घरची. खाली कोणी नसलं, तर झाड दुसऱ्या घराला जातं. एकटी राहिलेली पोर दोन वर्षं येऊन मायचं झाड राखत होती.

"मले आधी काऊन नाई सांगितलंस?" साबिराचा आवाज खाली आला.

"तुमी इचारलंच नाई," बुधरी झाडता झाडता म्हणाली. "कोणासंग गेली होती, तेवढंच इचारलं."

साबिराला स्वतःची लाज वाटली.

"डोमाभाऊ, एक दिवस पुढं ढकला ना. पोरीचा पेपर हाय."

"साऱ्या गावाले सांगून बसलो, बाई. आता नाई फिरत."

"मग तिच्याऐवजी दुसरं कोणी बसवा."

"घरचं माणूस पाह्यजे. तिच्या घरी कोण हाय?"

कोणीच नव्हतं. सव्वाआठ झाले, आणि शाळा दीड तासावर. साबिरा जीपकडे गेली आणि फाईल घेऊन आली. 'पालक' या रकान्यात कक्षाचं नाव होतं, खाली तिची सही. तीन वर्षं गुणपत्रक म्हणू नका, सहल म्हणू नका, तीच सही करत आली होती.

"इथी पालक म्हणून मी हाव, भाऊ."

डोमानं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "बिमार पडली तं कोणाले बोलावते?"

"मले."

"शाळेत मास्तरनं बोलावलं तं?"

"मीच जातो."

डोमानं हातावर तंबाखू मळली, तोंडात टाकली. "मंग तू बस. पण नुसतं बसून नाई होत, झाडा लागते."

बुधरीनं दप्तर काढलं आणि झाडू साबिराच्या हातात दिला. "फुलं तुडवू नका, बाई. अन् गाव येऊन जाईपर्यंत उठू नका."

बुधरीला घेऊन जीप गेली. साबिरानं ओढणी कमरेला खोचली. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागली, तळव्याला फोड आला. साऱ्या ऑफिसच्या फायलींचा ढीग उपसणारी बाई, इथं पाल्यानं रडकुंडीला आणली.

दुपारी गाव फिरत आलं. पुढं गुणाबाई होती, रिकामी टोपली घेऊन. या झाडावर तिची केव्हापासून नजर.

"हे कोण? हे तं शहरातली बाई दिसते."

"बुधरीच्या घरचं माणूस हाय," डोमा म्हणाला आणि पुढच्या झाडाकडे वळला.

चोवीस मुलांच्या कागदांवर ती सही करायची, पण घरचं माणूस तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. साबिराचे डोळे भरून आले. मान खाली घालून ती झाडलेलीच जागा परत झाडत राहिली.