मी मी

रंगूनहून आलेल्या पोरीचं नाव होतं मी मी, आणि मंदाकिनीच्या काळजीची सुरुवात तिथूनच झाली.

तिच्या नवऱ्याचा, प्रभाकरचा, चुलतभाऊ आनंद रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होता. तिकडे दंगेधोपे माजले तेव्हा तो परत आला, तो शेजारच्या ब्रह्मी कुटुंबातली सहा वर्षांची अनाथ मुलगी घेऊनच. मंदाकिनीला मूलबाळ नव्हतं. तिने पोरीला पोटाशी धरलं. पण मुलगी दत्तक घ्यायची सोय तेव्हा कायद्यातच नव्हती. पोर ठाण्याच्या घरात नुसतीच राहू लागली, आणि उद्या कुणी येऊन मागितली तर काय करायचं, हा विचार मंदाकिनीला छळू लागला.

"कोण गं तू?" असं कुणी विचारलं की पोर म्हणे, "मी मी."

"अगं, तू ते दिसतंय. नाव काय?"

"मी मी."

शेजारणी पदर तोंडाला लावून हसत. शेवटी मंदाकिनीने तिचं नाव शुभदा ठेवलं. पोर त्या नावाला ओ देईना.

वैशाखात कल्याणला आतेसासूबाईंच्या नातवाची मुंज होती. निघायच्या घाईत मंदाकिनी देवघरात डोकावली, तर पोर सहाणेवर चंदन उगाळून दोन्ही गालांवर थापत बसलेली. त्यांच्याकडे बायका-मुली गालांना झाडाची साल उगाळून लावतात, असं आनंद एकदा म्हणाला होता. पण आतेसासूबाई काय म्हणतील? मंदाकिनीने ओल्या पंच्याने तिचे गाल खसाखसा पुसले. पोर रडली नाही. नुसती बघत राहिली. मंदाकिनीला ते जास्तच लागलं.

कल्याणला उतरल्यावर प्रभाकर टांगा बघायला गेला. मंदाकिनीने पडलेली पिशवी उचलायला हात सोडला, आणि मागे वळते तो पोर नाही!

"शुभदा! शुभदा!" ती हाका मारत फलाटभर धावली. हमाल, चहावाला, पाणीवाला, सगळ्यांना विचारलं. गोरटेली, बसक्या नाकाची, पिवळ्या परकरातली? कुणी पाहिली नव्हती. फलाटाच्या कडेला वाकून रुळांवरही बघून आली.

पुलाखाली बायका जमल्या होत्या. मधे टोपली टेकवून बाळकुमची एक कोळीण, आवडाबाई, उभी होती, आणि तिच्या कासोट्यामागे पिवळा परकर. आवडाबाईच्या अंबाड्याला अबोलीची वेणी होती. पोरीची आईही अंबाड्यात फुलं माळायची म्हणे.

"माझे लुगऱ्याला धरून आली, सोरतच नाय," आवडाबाई हवालदाराला सांगत होती.

"माझी आहे ती!" मंदाकिनी धापा टाकत म्हणाली.

हवालदाराने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमची? तोंडावळा तर काही जुळत नाही. नाव काय हिचं?"

"शुभदा."

"ती वेगळंच सांगते. मारा हाक."

"शुभदा, ये बाळ."

पोरीने मानसुद्धा वर केली नाही. आवडाबाईने तिला आणखी जवळ ओढलं. कागद नाही, साक्षीदार नाही. मंदाकिनी काय दाखवणार? ती तिथेच फरशीवर बसली. सगळ्या बायका बघत होत्या.

"मी मी," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "मी मी!"

कुणीतरी फिदकन हसलं. पोर मात्र लुगडं सोडून पुढे आली. धावत नाही, सावकाश. मंदाकिनीसमोर उकिडवी बसली आणि तिच्या गालावरून ओघळणारं पाणी बोटाने पुसू लागली.

"जा घेऊन," आवडाबाई म्हणाली. "न् नाव बदलू नको गं बाय पोरीचं."

मुंजीत आतेसासूबाईंनी विचारलंच, "काय नाव हिचं?" मंदाकिनीने खरं नाव सांगितलं आणि पुढचा हशा खाली मान न घालता ऐकला.

घरी आल्यावर तिने आनंदला बसवून घेतलं आणि ब्रह्मी शब्द विचारले. पाणी, भूक, ये, दुखतं का. आईला 'अमे' म्हणतात, हेही कळलं. तो शब्द तिने पाठ केला, पण स्वतःसाठी कधी मागितला नाही. पोर परत मागायला कुणी येईल ही धास्ती पुढे कित्येक वर्षं दारावरच्या प्रत्येक थापेबरोबर उठत राहिली. कुणी आलं नाही.

पावसाळ्यात कधीतरी पोर तिला हाक मारू लागली. प्रभाकर बायकोला जशी मारायचा, तशीच.

"अगं," ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची.

आणि मंदाकिनी "ओ" द्यायची.