अंगणावरचे पत्रे

डॉक्टरनं रिपोर्ट पाहून ज्योतीला विचारलं, "मासिक बंद हो गया क्या?"

"जी, दो साल हुए."

नीलकंठनं नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली. लेक पन्नाशीची, शाळेत मास्तरीण. लग्न केलं नाही, आईबापाजवळच राहिली. या हिवाळ्यात दुसऱ्यांदा तिची छाती भरली होती.

"इस उमर में हार्मोन घटते हैं. ऊपर से विटामिन डी सिर्फ नौ, तीस तो चाहिए. शरीर की लड़ने की ताकत कम हो जाती है. सिर्फ धूप से निमोनिया नहीं रुकता, मगर कमी तो भरनी पड़ेगी. हफ्ते में एक पाउडर, और दोपहर की धूप."

रांझीला घरी परतताना रिक्षात ज्योतीनं विचारलं, "बाबा, आईला हे कोणी सांगितलं नव्हतं का हो?"

"नाही," तो म्हणाला.

खोटं होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरनं त्याच्या बायकोला, इंदिरेला हेच सांगितलं होतं. ऐकायला तो एकटाच सोबत होता. पाउडर तिनं घेतली. उन्हाचं मात्र जमलं नाही, कारण घरात ऊन यायचं ते अंगणात, आणि अंगणावर त्यानं स्कूटरसाठी पत्रे ठोकले होते.

"दोन पत्रे काढा ना," ती म्हणाली होती.

"अन् सीट? उन्हानं तडकून राहिली ती."

"स्कूटरला खोकला होते काय हो?"

तो हसला नव्हता. मग तिनं शेजारणींसारखी गल्लीत खाट टाकली, तर तिथूनही उठवलं. "चार्जमनची बायको आहेस. येणारेजाणारे पाहून राहिले." फॅक्टरीतल्या त्या सुपरवायझरकीतून रिटायर होऊन तेव्हा त्याला बारा वर्षं झाली होती. इंदिरेनं खाट आत घेतली, परत काही मागितलं नाही. गेल्या माघात न्युमोनियानं चार दिवसांत गेली.

घरी आल्यावर ज्योतीनं खुर्ची अंगणात नेली. इकडे ठेवली, तिकडे ठेवली. सगळीकडे सावली. शेवटी स्कूटरपाशी उभी राहून ती खोकू लागली.

नीलकंठनं पाना घेतला. शिडी लावली, वर चढला. पहिला नट गंजलेला, फिरेना. जोर लावला तशी शिडी हलू लागली.

"काय करून राहिले बाबा? पडाल ना!"

तो खाली न बघता बोलला. "सांगितलं होतं. डॉक्टरनं. तुझ्या आईनं हे पत्रे काढायला म्हटलं होतं. मीच नाही काढले. स्कूटरसाठी."

 मग शिडी हलायची थांबली. ज्योतीनं ती दोन्ही हातांनी धरली होती.

"आधी पलीकडला खोला," ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

दोन पत्रे निघाले. उन्हाचा चौकोन खाली पडला. ज्योतीनं खुर्ची त्यात ओढली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. ऊन पाठीवर घ्यायचं म्हणून, की बापाचं तोंड पाहायचं नाही म्हणून, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. तो तिसऱ्या पत्र्याकडे वळला.