गाडीभर बाभूळ

शालिनीने पदर खोचला, बाभळीचा एक जाडजूड ओंडका छातीशी धरून उचलला आणि भिंतीच्या कडेला नेऊन टाकला. देपालपूरचा गाडीवाला अंगणाच्या मधोमध सगळी गाडी रिकामी करून केव्हाच चालता झाला होता. पोरीला तिने हाताशी बोलावलं नाही. हे काम तिला एकटीलाच करायचं होतं.

लक्ष्मीकांत सायकल ढकलत आला आणि फाटकातच थबकला. मध्यभारत राज्याला राजधान्या दोन: उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. दिवाळी सरली की कचेरी फायलींसकट आगगाडीत बसे, आणि कारकुनांच्या बायका पोरंबाळं, शेगड्या, लोणच्याच्या बरण्या सांभाळत मागोमाग. मग इथे इंदूरला हिवाळ्याचं लाकूड कशाला, हे समजायला त्याला वेळ लागला नाही.

"कुणासाठी हे?"

"इथे राहणाऱ्यांसाठी. मी आणि मंजिरी."

मंजिरी आत भूगोल घोकत होती. दोन वर्षं अर्धी शाळा इथे, अर्धी तिथे. पुस्तकं वेगळी, मास्तरणी वेगळ्या. गेल्या साली ती नापास झाली आणि नातेवाइकांनी पोरीलाच मठ्ठ ठरवलं. शालिनीला तो शब्द अजून झोंबत होता. यंदा पुन्हा मॅट्रिक. यंदा ती पोरीला हलू देणार नव्हती, मग सरकार ग्वाल्हेरला जावो नाहीतर लंकेला.

लक्ष्मीकांतने आधी समजूत घातली, मग आवाज चढवला. तिथे त्याच्या जेवणाचे हाल होतील, इथे दोघी बायकाच राहिल्या तर लोक तोंडात शेण घालतील. ती लाकडं उचलत राहिली. शेवटी त्याने हुकमाचा एक्का काढला: कचेरीचे सुपरिंटेंडंट अप्पासाहेब. ग्वाल्हेरच्या क्वार्टरांच्या यादीत त्यांनी सगळ्यांच्या नावापुढे 'सहकुटुंब' लिहिलं होतं.

"अप्पासाहेबांना काय सांगू? बायको ऐकत नाही?"

"सांगा. खरं तेच आहे."

तो चहासुद्धा न घेता तडक अप्पासाहेबांकडे निघाला. आता फैसला तेच करतील, आणि ही लाकडं उद्या वखारीत जातील, असंही बजावून गेला.

अप्पासाहेब होळकर दरबारापासूनचे जुने. त्यांच्या शब्दापुढे कुणाची टाप नव्हती. त्यांनी नाही म्हटलं तर पोरीचं हेही वर्ष गेलं. पण शालिनीचे हात थांबले नाहीत. रास कलंडली की ती दातओठ खात पुन्हा रचायची. न्यायचीच असतील तर रचलेली न्या, म्हणावं.

उन्हं उतरता उतरता फाटक वाजलं. लक्ष्मीकांतच्या कोटाला साली चिकटल्या होत्या, तळहात खरचटले होते. त्याने हात धुतले आणि तिची रास निरखत उभा राहिला.

"एकदम गलत रचलंयस," तो म्हणाला. "जाड ओंडके खाली, आडवे-उभे. मधून हवा खेळली पाहिजे, वरना वाळवी लागते."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"अप्पासाहेबांनी." त्याने कोट काढून सायकलवर टाकला. "त्यांच्या बाईसाहेबांनी दुपारीच दोन गाड्या उतरवून घेतल्यात. आम्ही दोघं आत्ता कुठे मोकळे झालो."