दोन महिन्यांचा ताण

मी धर्माबादची, मोसंबीच्या बागेत वाढलेली. माहेरच्या बागेचा लई तोरा होता मला. आता तो तोरा चुलीत घाला.

इथं सासरी मांजरा नदीच्या काठाला आमचं रान, सगळी वाळू. गाव हसायचं, "नागुबाई, तिथं टरबुजाबिगर काय येतंय का?" पण आम्ही दोघा नवरा-बायकोनं मोसंबीची दोनशे झाडं लावली. पहिला उन्हाळा घागरींनी पाणी घातलं. लेकरासारखी वाढवली सहा वर्षं. औंदा पहिला बहार धरायचा होता.

बहार धरायचा म्हणजे आधी झाडाला ताण द्यायचा. पाणी तोडायचं, झाड तहानलं की मग सोडायचं, तवा कुठं फूल येतं. मी ठणकावून सांगितलं, "दोन महिने थेंब न्हाई. माहेरी आमचे आबा तसंच करतेत."

महिना झाला न्हाई तर ह्ये म्हणाले, "अगं, पानं लई गळून राहिलीत. सोडू का पाणी?"

"गळू द्या की! बाग कुणाच्या बापानं केली, तुमच्या का माझ्या?"

 संक्रांतीला ह्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा झिडकारलं. दोन महिने भरले आन् पाणी सोडलं. आठ दिवस झाले, पंधरा झाले. फूल सोडा, कोंबसुद्धा फुटला न्हाई. शेवटी मीच आबांना बोलावून घेतलं.

आबांनी नखानं साल खरवडली. आत हिरवं नव्हतं. दुसरं झाड बघितलं, दहावं बघितलं. मग बांधावर बसले.

"जावईबापू, दोन महिने आमच्या काळ्या रानात. ते ओल धरतं. वाळूत पंचवीस दिवस लई झाले. कुणी सांगितलं तुम्हाला?"

 मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलंच न्हाई.

"कुणी न्हाई, मामा. माझंच डोकं. ही नको नको म्हणत होती."

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "बागेतली लेक तू. तुझं ऐकायला पाहिजे होतं ह्यांनी."

आन् माझं तोंड उघडलं न्हाई.