काळ्या मेंदीची बशी

मित्रांनो, मी एक जुनी, काठाचा टवका उडालेली बशी आहे. सौराष्ट्रातल्या एका भट्टीतून मी पांढरीशुभ्र होऊन निघाले आणि सुरतेला, उधन्यातल्या हिलालभाऊंच्या घरी आले. हिलालभाऊ खानदेशातून लूमच्या कारखान्यात कामाला आलेले. पाळीवरून आले की ते चहा माझ्यात ओतत आणि फुर्र करून पीत. इतका कढत चहा सोसूनही मला कधी काही झालं नाही, याचा मला केवढा तोरा होता!

पुढे माझा कप फुटला, माझ्या काठाचा टवका उडाला आणि चहाच्या पंगतीतून मी उठले. हिलालभाऊंच्या बायकोनं, शोभाबाईंनी, मला मोरीच्या फळीवर ठेवलं. दर तीन-चार महिन्यांनी त्या माझ्यात पुडीतली काळी मेंदी कालवत. मेंदी म्हणजे झाडाचा पाला, तिनं काय होतंय, असं सगळी गल्लीच म्हणे. मलाही ते खरंच वाटे.

यंदा ललितचा, त्यांच्या मुलाचा, साखरपुडा ठरला. शोभाबाईंनी दुपारी मेंदी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे डोळेच उघडेनात.

"माय, तुनं तोंड कितलं सुजी गय वं!" मुलगी योगिता ओरडली.

शोभाबाई म्हणाल्या, कालची मच्छी बाधली. आणि कहर बघा, कपाळावरचे केस पांढरेच राहिल्याचं काल दिसलं होतं म्हणून उरलेली मेंदी पुन्हा लावायला त्यांनी चाचपडत मला हातात घेतलं!

योगितानं शेजारच्या विशाखाताईला हाक मारली. ती दवाखान्यात नर्स आहे. आल्या आल्या तिनं विचारलं, "मावशी, डाय लावला होता का?"

"नही वं माय, डाय कसाले? मेंदी लाई मी."

विशाखाताईची नजर माझ्यावर पडली. तिनं मला शोभाबाईंच्या हातातून काढून उजेडात धरलं. "मेंदीचा डाग लाल पडतो, मावशी. ही बशी तर काळीकुट्ट झालीय. पुडी कुठाय?" योगितानं आणलेल्या पुडीवर बारीक अक्षरात केस काळे करणाऱ्या रसायनाचं नाव होतं.

"पण दर खेपेला लावस ना मी!"

"अंग आतल्या आत सोसत होतं. आता त्यानं या रंगाला ओळखलंय, आणि ते जन्मभर विसरणार नाही."

मी थक्क झाले. मी भट्टीतून निघालेली, पण इतकी वर्षं चहा ओतूनही माझ्या अंगाला त्याची ओळख राहिली नाही. आणि माणसाची एवढीशी पातळ कातडी चिमूटभर पावडर कायमची ओळखते! माझा सगळा तोरा त्या सकाळी उतरला.

विशाखाताईनं केस कोमट पाण्यानं आणि साध्या शाम्पूनं निवळ पाणी येईपर्यंत धुतले, डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवली. हळद नाही, तेल नाही, खाजवायचं तर मुळीच नाही. तेवढ्यात शोभाबाईंचा आवाज घोगरा झाला, श्वास अडखळू लागला. ताईनं लगेच १०८ला फोन लावला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंतच्या त्या मिनिटांत योगितानं आईचा हात सोडला नाही, आणि मी, दगडमातीची बशी, देवाचा धावा करत होते. इस्पितळात वेळेवर इंजेक्शन मिळालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या गोळ्या आणि मलम घेऊन त्या घरी आल्या. यापुढे हा रंग कधीच लावायचा नाही, असं त्यांना बजावलं होतं.

मित्रांनो, नवा रंग लावण्याआधी मोठ्या माणसांना कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबायला सांगा. ज्याला एकदा बाधला, त्यानं मात्र तो थेंबसुद्धा लावू नये. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा पुडीच त्यांच्या हातात द्या. मी मुकी, माझ्या डागानंच खरं सांगितलं. तुम्हाला तर देवानं वाचा दिली आहे.

साखरपुड्याला शोभाबाई कपाळावरचे पांढरे केस तसेच ठेवून, गजरा माळून निघाल्या. दारात शेजारची लीला वाटी घेऊन उभी. "मेंदी उरनी का वं?"

शोभाबाईंनी तिच्या हातातली वाटी काढून घेतली.

"मेंदी म्हनू नको वं तिले, लीला. डाय शे ती."