उशाशी विचारायचे प्रश्न

पाण्याची बाटली घेऊन प्राध्यापक वॉर्डाच्या दारापर्यंत आले आणि पुन्हा मागे वळले. नळाशी जाऊन त्यांनी भरलेली बाटली ओतली आणि परत भरली. डॉक्टरांनी मघाशीच त्यांना बाजूला घेतलं होतं. आता उपचार उरले नाहीत, फार तर दोन-तीन आठवडे. "ताईंना तुम्हीच सांगा. घरच्या माणसाकडून ऐकलेलं बरं."

घरचं माणूस म्हणून आता तेवढेच होते.

खरं तर या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता. पंधराव्या शतकातल्या कॅथलिक लोकांनी मरणाऱ्याच्या उशाशी कसं बसावं, हे शिकवणाऱ्या छोट्या पुस्तिकांवर त्यांनी उभी हयात घालवली होती. जवळच्या माणसाने कुठले प्रश्न विचारायचे, ते त्यांत ठरवून दिलेलं असे. शिवाय एक सक्त ताकीद असे : 'तू बरा होशील' असं खोटं सांगायचं नाही. या ताकिदीवर त्यांनी देशोदेशी व्याख्यानं झोडली होती. आणखी एक उद्या होतं, त्यासाठी आजच संध्याकाळचं विमान गाठायचं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

शेवटी ते आत गेले. ताई उशीला टेकून बसली होती. असल्या विषयाने पोट भरत नाही म्हणून वडिलांनी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा हीच मध्ये पडली होती. "शिकू दे त्याला. नाहीतरी दुसरं काय येतंय?" म्हणाली होती.

"पाणी आणायला गेलास की विहीर खणायला?"

"रांग होती."

"डॉक्टर काय म्हणाले?"

बाटलीचं घट्ट झाकण त्यांनी आणखी पिळलं. "अशक्तपणा आहे म्हणाले. होशील बरी."

चादरीची सुरकुती ताईने हाताने सारखी केली.

"तुझ्या पुस्तकात ते चित्र आहे ना, आजारी माणूस औषधवाल्याला लाथ घालतो ते? मला फार आवडतं."

"तू वाचलंस?"

"दोनदा. भाषा जरा रुक्ष आहे." मग ती म्हणाली, "ते प्रश्न विचार ना मला."

"कुठले?"

"शहाण्या, कुठले ते तुला ठाऊक आहे."

"ताई, ते मरणाऱ्यालाच विचारायचे असतात."

"माहीत आहे मला."

खिशात फोन थरथरला. टॅक्सी खाली आली असणार. प्राध्यापक उठले, खिडकीपाशी गेले, पडदा सरकवला, पुन्हा होता तसा केला. त्यांना भीती वाटत होती, लहानपणी अंधाऱ्या जिन्यात वाटायची तशीच. तेव्हा ताईचा हात धरता यायचा. फोन पुन्हा थरथरला तेव्हा त्यांनी तो बंद करून टाकला. सभागृहातला आवाज काही आला नाही, जो आला त्यानेच त्यांनी विचारलं,

"मनात कुणाबद्दल राग आहे?"

"आहे. तुझ्याबद्दल. आत्ता थाप मारलीस म्हणून."

"चुकलो, ताई."

"बरं." तिने पाय आखडून पलंगावर जागा केली. "एवढंच, की अजून आहेत?"

"आहेत बरेच."

"मग बूट काढ आणि नीट बस."