झोपलेल्या जनुकाची चढती रेघ

मी एक जुना गडी आहे, मित्रांनो. लोक मला पीसीआर यंत्र म्हणतात. तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं आणि जनुकाच्या प्रती काढायच्या, हा माझा धंदा. तरुणपणी माझा दरारा असा, की मी घरघरलो की शेजारच्या फ्रिजला घाम फुटायचा! पाहुणे आले की आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई माझ्या झाकणावर थाप मारायच्या. "हा पठ्ठ्या खोटं बोलत नाही."

पण मला खरंही बोलता येत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

जिवाणूचं जनुक कामाला लागलं की आरएनएची चिठ्ठी लिहितं. बाईंची विद्यार्थिनी, आमची ताई, विकर, म्हणजे एन्झाइम, घालून त्या चिठ्ठीचा डीएनए करायची आणि मला द्यायची, कारण मला डीएनएच तेवढा कळतो. जनुक जागं असलं की माझ्या पडद्यावर रेघ चढायची. मात्र जिवाणूचा मूळ डीएनए नळीत उरला, तर मी त्याच्याही प्रती काढतो. जनुक गाढ झोपेत असलं तरी! म्हणून एक नळी विकराविना लावायची असते; तिच्यात चिठ्ठीचा डीएनए होतच नाही. तिच्यातही रेघ चढली, तर समजायचं, घोळ आहे.

त्या दिवशी ताईच्या औषधाची परीक्षा होती. जिवाणूचं विष बनवणारं जनुक ते झोपवतं का? तिची उमेदीची वर्षं औषधाच्या त्या एका बाटलीत होती.

माझी नळ्या ठेवायची सगळी घरं भरली. "विकराविनाची नळी राहू दे," ताई म्हणाली. "तिच्यात कधी काही निघालंय का?"

"बरं, आटप लवकर," बाई म्हणाल्या.

औषधानं जनुक झोपलं होतं, मित्रांनो! नळीत एकही चिठ्ठी नव्हती. पण माल धुऊन घेताना राहून गेलेला जिवाणूचा मूळ डीएनए होता. माझ्या पोटातलं मलाच ठाऊक! मी प्रती काढत सुटलो. थांबणं माझ्या हातात नाही. मला हातच नाहीत. रेघ सरसर चढली.

ताईचा चेहरा उतरला. "बाई, जनुक जागंच आहे."

"अगं, हा थेरडा बिघडला असेल. नव्यावर लावून बघ."

तोच माल नव्या यंत्रात गेला. ते पोरही माझ्यासारखंच इमानी. त्यानंही रेघ चढवली.

"गेलं सगळं," ताई म्हणाली आणि तिनं बाटली कचऱ्याच्या डब्यात रिती केली. मी जिवाच्या आकांतानं घरघरलो.

"पंखा गेला वाटतं याचा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझं बटण बंद केलं.

आता मी कपाटामागे असतो. माझी धूळ पुसू नका, चालेल. पण मित्रांनो, माझ्यासारख्याला कधी कामाला लावलंत, तर ती विकराविनाची नळी तेवढी द्या. 'आज माझं ऐकू नका' असं सांगायला आम्हाला दुसरं तोंड नाही.